पार्सल आत्ता कुणाकडे आहे?

घरी आलेल्या पार्सलवरचे लेबल नीट पाहिले तर त्यावर दोन निरनिराळे मजकूर दिसतात. एक माणसाने वाचायचा असतो: नाव, विंग, मजला, सोसायटी, रस्ता, जवळची खूण, पिन कोड. दुसरा यंत्राने वाचायचा असतो: काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघांचा पट्टा, म्हणजे बारकोड, आणि त्याखाली एक लांबलचक क्रमांक. पार्सल कुठे जायचे ते पहिल्या मजकुरात लिहिलेले असते. दुसऱ्यात बहुतेक वेळा त्यातले काहीच नसते. त्या रेघांत अंधेरी नाही, मुलुंड नाही, तिसरा मजलाही नाही. नुसता क्रमांक आहे, आणि त्याचा अर्थ दूरच्या संगणकात साठवलेला आहे. हा पट्टा मुंबईच्या उपनगरांत घराघरांत पोहोचला, ती हकिकत सहसा वेगाची आणि सोयीची म्हणून सांगितली जाते. ती अपुरी आहे असे मला वाटते. दार शोधण्याचे काम बारकोडने कधीच केले नाही, आजही करत नाही. एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांच्या हातांतून वस्तू जाऊ लागली, तेव्हा ती आत्ता कुणाच्या जबाबदारीवर आहे हे ठरवण्यासाठी तो आला. हे तपासून पाहायला मुंबईइतके चांगले शहर नाही, कारण बारकोडशिवाय चालणारी जगातली एक अतिशय भरवशाची वाटप-व्यवस्था याच शहरात उभी राहिली.

ती अर्थातच डबेवाल्यांची. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी शंभरेक माणसे घेऊन हे काम बांधले. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पुणे जिल्ह्यातल्या तालुक्यांतून माणसे येत गेली आणि १९५६ साली नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स ट्रस्टची नोंदणी झाली. करोनापूर्व काळात सुमारे पाच हजार माणसे रोज पावणेदोन ते दोन लाख डबे पोहोचवत असत. बोरिवली, अंधेरी, पार्ल्याचे डबे पश्चिम रेल्वेने चर्चगेटकडे आणि मुलुंड, घाटकोपरचे मध्य रेल्वेने बोरीबंदरकडे जात. अंधेरी हे या वर्गवारीचे मोठे ठिकाण होते. सकाळी फलाटालगत डबे उतरवायचे, जायच्या स्थानकाप्रमाणे वेगळे करायचे आणि लांब लाकडी फळ्यांवर रचून लगेजच्या डब्यात चढवायचे, हे सारे मोजक्या मिनिटांत उरकावे लागे. दारापासून टेबलापर्यंत एक डबा तीन-चार वेळा हात बदलतो. त्याला वाट दाखवते ती झाकणावर रंगाने काढलेली खूण. कुठल्या भागातून निघाला, कुठल्या स्थानकावर उतरायचा, तिथला कुठला माणूस नेणार, इमारत कोणती आणि मजला कितवा, एवढे सगळे चार-सहा अक्षरांत आणि अंकांत मावते. आरंभी या कामासाठी रंगीत दोरे बांधत. रंगाने काढलेली अक्षरे नंतर आली.

या खुणेत काय आहे यापेक्षा काय नाही हे आपल्या विषयासाठी जास्त महत्त्वाचे आहे. तिच्यात गिऱ्हाइकाचे नाव नाही, तारीख नाही, वेळ नाही. अमुक वाजता अमुक माणसाने हा डबा अमुक माणसाच्या हवाली केला याची नोंद कुठेही होत नाही. तरी डबा सहसा चुकत नाही. याचे कारण खुणेच्या बाहेर आहे. वीस-पंचवीस जणांची टोळी, तिचा मुकादम, टोळीतले सगळे भागीदार, आणि बहुतेक एकाच पट्टीतल्या गावांचे, एकमेकांच्या सोयऱ्याधायऱ्यांतले. डबा हरवला तर तो कुणाच्या हातून हरवला हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळते, आणि त्याची झळ सगळ्यांच्या कमाईला लागते. नोंदवहीचे काम इथे नाती करतात. झवेरी बाजारात हिरे आणि रोकड पोहोचवणाऱ्या आंगडियांचा व्यवहारही याच पायावर उभा राहिला. तिथे तर मालाची किंमत डब्याच्या हजारो पट, पण हमी तीच: माणूस, त्याचे गाव, त्याचे घराणे.

टपालखात्याला असा आधार घेता येत नव्हता. पोस्टमन आपल्या बीटवर वर्षानुवर्षे फिरे आणि आडनावावरून चाळीतली खोली ओळखे हे खरे, पण सॉर्टिंगच्या टेबलावर बसलेल्या माणसाला ते पत्र म्हणजे हजारांतले एक होते. शिवाय शहरच वाढत होते. १९५० साली आणि पुन्हा १९५७ साली महापालिकेची हद्द वाढली, दहिसर आणि मुलुंडपर्यंतची गावे मुंबईत आली. पत्त्यात गिरगावासाठी ‘मुंबई ४’, दादरसाठी ‘मुंबई २८’ असे लिहिण्याची पद्धत होती. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशभर पिन कोड सुरू झाला, तेव्हा हेच आकडे शेवटच्या अंकांत मुरले आणि अंधेरी ४०००५८, मुलुंड ४०००८०, बोरिवली पश्चिम ४०००९२ झाली. ही सहा आकड्यांची रचना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मूळचे कोकणातल्या वेळणेश्वरचे, टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी-नाटककार. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिपींतले अर्धवट पत्ते, आणि ती लिपी वाचता न येणारा सॉर्टर, ही अडचण त्यांच्या आकड्यांनी सोडवली. डब्याच्या खुणेसारखाच पिन कोडही ‘कुठे’ हे सांगतो. वस्तू कुणाकडे आहे याबद्दल तोही बोलत नाही.

त्या प्रश्नाला टपालाने फार आधी वेगळे उत्तर शोधले होते, ते म्हणजे रजिस्टर. साध्या पत्राची कुठेच नोंद नसे. रजिस्टर पत्राला मात्र क्रमांक मिळे आणि ते ज्या ज्या हाती जाई तिथे यादीत उतरवून सही घेतली जाई, शेवटची सही घेणाऱ्याची. पत्र गहाळ झालेच तर याद्या उलट्या तपासत जायचे. जिथे सही थांबली तिथे जबाबदारी थांबली. बारकोडच्या इतिहासात रजिस्टरचा उल्लेख फारसा येत नाही, पण बारकोडचा खरा पूर्वज तोच आहे. सही आणि यादी यांना वेळ लागे, म्हणून हा मान मोजक्या पत्रांनाच परवडे: कोर्टाच्या नोटिसा, दस्तऐवज, नोकरीची पत्रे. हीच नोंद एका झपाट्यात, जवळपास फुकट होऊ लागली की ती प्रत्येक वस्तूला लावता येणार होती. पुढे नेमके तेच घडले.

रेघांची कल्पना अमेरिकेतली. नॉर्मन जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांनी १९४९ साली पेटंटसाठी अर्ज केला, १९५२ साली ते मिळाले. मोर्स लिपीतले ठिपके आणि रेघा खाली ओढल्या तर जाड-बारीक पट्टे तयार होतील, हे वुडलँड यांना समुद्रकिनाऱ्यावर वाळूत बोटे ओढताना सुचले होते. प्रत्यक्ष वापराला मात्र दोन दशके लागली. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी एका दुकानात च्युइंगमच्या पाकिटावरचा बारकोड पहिल्यांदा गल्ल्यावर वाचला गेला. दुकानात या रेघा किंमत शोधण्यासाठी होत्या. वाहतुकीत त्यांचे काम बदलले. फेडरल एक्सप्रेस या कुरिअर कंपनीने १९८६ साली आपल्या कुरिअरांच्या हाती स्कॅनर दिला आणि पाकीट घेताना, विमानात चढवताना, उतरवताना, दारात देताना, अशा प्रत्येक हस्तांतराला एक खूण उमटू लागली. रजिस्टरची यादी आता प्रकाशाचा किरण लिहू लागला.

मुंबईत ही पद्धत शिरली ती उपनगराच्या दाराने, सहार विमानतळाच्या अंगाने. ब्लू डार्ट ही कंपनी १९८३ साली मुंबईत तिघा भागीदारांनी सुरू केली, आणि तिचे मुख्यालय आजही अंधेरी पूर्वेला सहार विमानतळ मार्गावर आहे. अंधेरीत हा धंदा वाढणे स्वाभाविक होते. एका बाजूला विमानतळाचे मालगोदाम, दुसऱ्या बाजूला मरोळची एमआयडीसी आणि १९७३ पासूनचे सीप्झ हे निर्यात क्षेत्र. निर्यातीचे नमुने, बँकांचे कागद, निविदा, शेअरचे अर्ज या सगळ्याला उद्या पोहोचण्याची घाई. याच कंपनीचे फेडरल एक्सप्रेसशी २००२ पर्यंत सहकार्य होते, आणि तिने ‘कॉस्मॅट’ नावाची स्वतःची संगणकीय नोंद-व्यवस्था उभी केली. त्या काळातल्या बहुसंख्य छोट्या कुरिअर कंपन्यांत मात्र कार्बन घातलेले पावतीपुस्तक, सही-शिक्क्याची ‘पीओडी’ आणि दुसऱ्या दिवशी फोनवरची चौकशी हाच मार्ग होता. पीओडी म्हणजे पोहोचल्याचा पुरावा. ‘पुरावा’ हा शब्द धंद्याने आपणहून निवडला आहे, आणि माझ्या म्हणण्याला तो बळ देतो. १ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झालेल्या स्पीड पोस्टच्या पाकिटांवरही पुढे जागतिक टपाल संघाच्या नमुन्याचा तेरा जागांचा क्रमांक बारकोडच्या रूपात आला: आधी दोन अक्षरे, मग नऊ अंक, शेवटी भारताची दोन अक्षरे. नऊ अंकांतला शेवटचा अंक आधीच्या आठांवरून गणिताने काढलेला असतो. एखादा आकडा चुकीचा वाचला गेला तर हिशेब जुळत नाही आणि यंत्र तो क्रमांक नाकारते. २०२५ साली टपाल खात्याने रजिस्टर सेवा स्पीड पोस्टमध्येच विलीन केली. पूर्वज वंशजात मिसळला.

यानंतरची वाढ ऑनलाइन खरेदीची आहे. फ्लिपकार्टने २०१० साली माल घेताना पैसे देण्याची सोय सुरू केली, आणि वाटप करणाऱ्याच्या जबाबदारीत मालाबरोबर रोकडही आली. दारात पडलेला शेवटचा स्कॅन म्हणजे त्याच्या नावावर तेवढी रक्कम चढली, रात्री हबमध्ये, म्हणजे वाटपाच्या स्थानिक केंद्रात, ती भरायची. मुंबईचा माल बहुतांशी भिवंडीच्या गोदामांतून येतो. ही गोदामे तिथे वाढली याचे एक मोठे कारण जकात होते. मुलुंड आणि दहिसरच्या नाक्यांबाहेर माल साठवायचा आणि लागेल तसा आत आणायचा. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, जकात गेली, पण भिवंडी तिथेच राहिली. रात्री तिथून निघालेल्या गाड्या पहाटे उपनगरांतल्या हबवर लागतात. आलेल्या गोणीला स्वतःचा बारकोड असतो. तो वाचला की आतली सगळी पार्सले ‘आली’ असे धरले जाते. मग गोणी फोडून एकेक वाचायचे. यादीत आहे पण गोणीत नाही ते ‘शॉर्ट’, आणि ते आधीच्या टप्प्याच्या माथी. त्यानंतर भागवार वाटणी होते, वाटप करणारा मुलगा आपल्या वाट्याचे एकेक पार्सल स्कॅन करून घेतो, आणि त्या क्षणी ते हबचे न राहता त्याचे होते. न दिलेले संध्याकाळी परत स्कॅन होईपर्यंत त्याच्याच नावावर राहते. या साखळीत कुठेही दाराचा शोध नाही. ही सगळी हवाली करण्याची आणि हवाली घेण्याची नोंद आहे.

इथे कुणी म्हणेल की हे शब्दांचे खेळ आहेत. हजारो पार्सले तासाभरात वेगळी करायची तर बारकोडशिवाय गत्यंतर नाही, तेव्हा तो वेगासाठीच आला. मोठ्या वर्गवारी केंद्रांबाबत हे मला मान्य आहे. सरकत्या पट्ट्यावरचे पार्सल यंत्राला वाचता आले पाहिजे. पण शेवटच्या टप्प्यात हा युक्तिवाद टिकत नाही. चार मजले चढायला लागणारा वेळ, लिफ्टसाठीचे थांबणे, वॉचमनच्या वहीतली नोंद, घाटकोपरच्या असल्फ्याच्या टेकडीवरची पायवाट, यांतले काहीही स्कॅनरने कमी होत नाही. उलट प्रत्येक दारात एक काम वाढते. म्हणूनच अनेक वाटपवाले सकाळी हबमधून निघण्याआधी खोक्यावर मार्करने इमारतीचे अक्षर, फ्लॅटचा आकडा किंवा आपला क्रम लिहून ठेवतात. रेघांचा पट्टा छापलेल्या खोक्यावर हाताने काढलेली ही खूण डब्याच्या झाकणावरच्या खुणेची सख्खी बहीण आहे. यंत्राला जे लागत नाही पण पायांना लागते, ते माणसाला पुन्हा स्वतःच लिहावे लागते. आणखी एक गोष्ट पाहावी. ट्रॅकिंगचे पान उघडले की सकाळी ‘आउट फॉर डिलिव्हरी’ दिसते आणि त्यानंतर दारात घंटा वाजेपर्यंत बारकोड गप्प असतो. पार्सल कुठे आहे हे तो सांगत नाही; शेवटचे कुणाच्या हाती दिसले होते एवढेच सांगतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. डबेवाल्यांशी तुलना गैरलागू आहे, कारण तोच डबा रोज त्याच घरून त्याच टेबलावर जातो. पार्सल मात्र रोज नवे, घर नवे. हा फरक खरा आहे आणि डबेवाल्यांच्या अचूकतेबद्दल जे आकडे मिरवले जातात त्यांच्याकडेही सावधपणे पाहायला हवे. १९९८ सालच्या ‘फोर्ब्स’मधल्या लेखानंतर ‘सिक्स सिग्मा’ हे जवळजवळ बिनचूक कामाचे बिरुद त्यांना चिकटले, पण जी व्यवस्था नोंदच ठेवत नाही तिच्या चुकांचे प्रमाण दशांशात काढणार कसे? हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० साली त्यांच्यावर अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात भर होता तो संघटनेवर, संस्कृतीवर आणि लोकलच्या वेळापत्रकाने लावलेल्या शिस्तीवर. म्हणजे फरक मान्य करूनही मुद्दा उभाच राहतो. एप्रिल २०१५ मध्ये फ्लिपकार्टने मुंबईत पार्सले पोहोचवण्यासाठी डबेवाल्यांशीच करार जाहीर केला, तेव्हा हे दोन स्वभाव समोरासमोर आले. गल्ल्या, इमारती, जिने यांचे ज्ञान डबेवाल्यांकडे होते, आणि तेच कंपनीला हवे होते. पण पुढच्या टप्प्यात ट्रॅकिंगची आणि पैशांच्या नोंदीची साधने त्यांच्या हाती द्यायचे बेतही त्याच घोषणेत होते. टोळीला आपल्या माणसावर भरवसा ठेवायला साधन लागत नव्हते. बेंगळुरूतल्या कंपनीला आणि कधीही न भेटलेल्या विक्रेत्याला ते लागत होते. या प्रसंगाने बारकोडचे प्रयोजन जितके स्पष्ट केले तितके कुठल्या तांत्रिक पुस्तकाने केले नसेल. पुढे मार्च २०२० मध्ये करोनामुळे लोकल थांबली आणि डबेवाल्यांचे काम जवळजवळ बंद पडले. त्याच महिन्यांत पार्सलवाले शहरभर फिरत होते. सही घेणे थांबले, दाराबाहेर ठेवलेल्या खोक्याचा फोटो सहीच्या जागी आला.

भरवसा यंत्रावर टाकला म्हणजे तो प्रश्न सुटला असे नाही, हे मात्र कबूल केले पाहिजे. स्कॅन ही साक्ष आहे आणि साक्ष खोटी असू शकते. दारापर्यंत न जाता ‘ग्राहक घरी नव्हते’ अशी नोंद, पार्सल हाती येण्याआधीच पडलेले ‘डिलिव्हर्ड’, या तक्रारी उपनगरांत कुणालाही नवीन नाहीत. ओटीपी आला तो यामुळेच. साखळीतल्या शेवटच्या हस्तांतराला घेणाऱ्याची संमती जोडल्याशिवाय पुरावा पुरा होत नव्हता. पण खोट्या नोंदीमागचे कारण केवळ बेइमानी मानणे अन्यायाचे होईल. मोबदला पार्सलमागे मिळतो, न पोहोचलेल्याचा काहीच मिळत नाही, संध्याकाळी आकडा भरायचा असतो, आणि नोंद फक्त वरचा माणूस पाहतो. रजिस्टरच्या यादीत देणारा आणि घेणारा दोघांच्याही सह्या असत आणि दोघांनाही ती यादी दिसे. आजच्या नोंदीत वाटपवाल्याच्या प्रत्येक मिनिटाची खूण आहे, पण तिच्यावर वाद घालण्याची सोय त्याला क्वचितच मिळते. ‘हरवलेल्या’ पार्सलचे पैसे त्याच्या कमाईतून कापले जातात तेव्हा हीच नोंद पुढे केली जाते. नीती आयोगाच्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात अशा स्वरूपाचे काम करणारे ७७ लाख लोक होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांना कायद्यात नाव दिले आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. माझ्या मते पुढची मागणी स्पष्ट आहे. ज्या नोंदीवरून माणसाला जबाबदार धरले जाते ती नोंद त्याला पाहता, जपता आणि आव्हान देता आली पाहिजे. नाहीतर बारकोडने अनोळखी माणसांत विश्वास निर्माण केला असे म्हणता येणार नाही. एका बाजूच्या संशयाला साधन मिळाले एवढेच खरे ठरेल.

राहिला दाराचा प्रश्न, तो अजून शाबूत आहे. मे २०२५ मध्ये टपाल खात्याने ‘डिजिपिन’ आणला. देशाचा नकाशा सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकटींत विभागून प्रत्येक चौकटीला दहा जागांचा संकेत दिला आहे. वेलणकरांच्या सहा आकड्यांच्या वाटेवरचे हे पुढचे पाऊल आहे आणि झोपडपट्टीतल्या बिननंबरी घरांना त्याचा मोठा उपयोग होऊ शकेल. पण बावीस मजली इमारतीत एकावर एक बावीस घरे एकाच चौकटीत बसतात, आणि अंधेरी-बोरिवलीत आता अशाच इमारती उठत आहेत. मजला, विंग, कुठल्या फाटकातून आत यायचे, लिफ्ट बंद असेल तर जिना कुठे, हे लिहिणाऱ्यालाच लिहावे लागते. म्हणून वाचकांना दोन विनंत्या. पत्ता भरताना विंग, मजला आणि जवळची खूण पूर्ण लिहा. रेघांच्या पट्ट्यात यातले काहीही नसते. आणि ओटीपी पार्सल हातात आल्यावरच सांगा, फोनवर आधी नको, पण हातात आल्यावर लगेच सांगा. तो सांगेपर्यंत ते पार्सल दारात उभ्या असलेल्या माणसाच्या नावावर असते.